वेलूची स्टेपनी

परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मी उभी हयात ट्रकची दलाली केली, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा जरासा बदलतो. दलाल हा शब्दच तसा आहे. मुलीची सोयरीक जमवताना मीसुद्धा 'ट्रान्सपोर्टमध्ये आहे' असं गुळमुळीत सांगून वेळ मारून नेली होती. आता मुलगी नांदते आहे, गुडघे बोलायला लागले आहेत, दिवाळी अंकाच्या संपादकांनी चार पानं मोकळी ठेवली आहेत. तेव्हा खरं सांगायला हरकत नाही.

काम दिसायला सोपं. एकाकडे माल आहे, ट्रक नाही. दुसऱ्याचा ट्रक कोइमतूरहून विहिरीवरच्या मोटारी घेऊन आलाय आणि रिकामा परत जाणं त्याला परवडत नाही. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, पुन्हा भेटण्याचाही संभव नाही. मधे आम्ही. मालवाला ट्रकवाल्याच्या तोंडाकडे बघत नाही, आमच्या तोंडाकडे बघतो. माल पोचला तर आमचं नाव कोणी काढत नाही. नाही पोचला तर दुसऱ्या कोणाचं काढत नाही.

आम्ही काय काय पाठवलं! ज्वारी, सरकी, गुळाच्या भेल्या हे तर रोजचंच. सोनपेठच्या एका गृहस्थाने म्हैस सोलापूरला पाठवली आणि स्वतः तिच्याशेजारी कडब्यावर बसून गेला, कारण दुसऱ्या कोणाच्या हाताला ती दूध देत नसे. दोघंही पोचली. पण माझ्या मनातून एक मोटारगाडी जात नाही. ती सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट.

त्याआधी दोन ओळी माझ्याबद्दल. मी मूळचा देवगडकडचा. वडील गेले आणि सहावीत शाळा सुटली. परभणीत कापसाच्या एका जिनिंगमध्ये काम लागेल असं कोणी सांगितलं म्हणून पत्र्याची पेटी घेऊन आलो, तर जिनिंगला कुलूप. समुद्राकाठचा माणूस मी, या काळ्या सपाट मुलखात उतरलो तेव्हा क्षितिजापर्यंत एक माड दिसेना. मोंढ्याच्या कोपऱ्यावर करीमचाचांचं ऑफिस होतं. लाकडी फळीचं दार, एक गादी, एक बाक. त्यांनी विचारलं, "हिसाब आता?" म्हटलं, पाचवीपुरता येतो. "जामीन कौन?" म्हटलं, इथं मला कोणी ओळखत नाही. चाचांनी चहाची बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बैठ." एवढीच माझी मुलाखत. त्या दिवसापासून मला एकच भीती होती. या माणसाचं माझ्यामुळे काही बिघडलं तर मी कुठं जाणार? तो उपकार मी अंगावर ओल्या घोंगडीसारखा वागवत असे. त्या भीतीनंच पुढचं सगळं घडवलं.

नायर साहेब कालव्याच्या कामावरचे इंजिनिअर. मूळचे पालघाटचे, पण सगळी नोकरी जिंतूर-परभणी पट्ट्यात मजुरांबरोबर काढलेली. त्यामुळे त्यांचं मराठी थेट बोरीच्या पारावरचं. पहिल्यांदा ऑफिसात आले तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, "दत्ताराव, मी रिटायर झालो. बायको-लेकरं आगगाडीनं गावाकडं गेले. पेन्शनच्या कागदासाठी मी राहिलोय. माझी फियाट तेवढी गावाला पोचवायची हाय. लय जीव हाय बगा माझा तिच्यावर."

जीव का नसावा? त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. साहेबांनी सात वर्षं वाट बघितली होती. गेली असती, तर दुसरी मिळेपर्यंत त्यांचं वय तिच्यात बसण्याचं राहिलं नसतं. चालवत न्यावी तर त्यांच्या पाठीचा मणका सरकलेला, वर पेट्रोल नुकतंच भडकलेलं. रेल्वेने पाठवावी तर आपली परभणीची लाइन छोटी. पुढं मोठ्या लाइनीला गाडी एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायची, आणि तिथं कोण कशी ओढेल त्याचा भरवसा नाही. राहता राहिला ट्रक, म्हणजे आम्ही.

नेमकं त्याच आठवड्यात चाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. मोतीबिंदू. डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून ते घरी पडून. पहिल्यांदाच सगळं ऑफिस माझ्या एकट्यावर होतं. चाचा म्हणाले होते, "नक्को डर. तू कर. पूछना हो तो घर को आ." मी ठरवलं, काहीही विचारायला जायचं नाही. माणूस आजारी, त्यात आपला ताप कशाला?

कोइमतूरचा एक ट्रक विहिरीवरच्या मोटारी उतरवून उभा होता. ड्रायव्हर वेलू. काळा, शिडशिडीत, कपाळाला भस्माचे पट्टे. ट्रकवर क्लीनर नव्हता. तापाने आजारी पडला म्हणून त्याला वाटेत त्याच्या मावशीकडं सोडलं, असं वेलूने हातवारे करून सांगितलं. मला ते पटलं नाही. क्लीनरशिवाय एवढा लांब ट्रक येतो का? वेलूची हिंदी वीस शब्दांची आणि माझी तमिळ शून्य शब्दांची. तो दर दीड-दोन महिन्यांनी मोटारी घेऊन मोंढ्यात यायचा, एवढंच मला माहीत. तेही इतरांकडून.

गाडी ट्रकवर चढवणं हा मोठा खेळ असतो. क्रेन कुठली? मालधक्का रेल्वेचा, तो मिळायचा नाही. नायर साहेबांनीच जागा सुचवली, त्यांचा स्वतःचा कालवा. एका ठिकाणी रस्ता खाली होता आणि कालव्याचा भराव बरोबर ट्रकच्या मागच्या फाळक्याच्या उंचीचा. ट्रक मागे घेत भरावाला टेकवला, मधे सागाच्या दोन जाड फळ्या टाकल्या. हमालांचा मुकादम किसनराव बोरीचा. तो फळीवर नाचून बघत म्हणाला, "साहेब, कालवा बांधतानाच तुमी हे ठरवून ठिवलं व्हतं म्हना की!"

"तर! पाणी काय, कदी बी येईल," साहेब म्हणाले. "गाडी आधी जायला पायजे."

सगळे हसले. मी हसलो नाही. पेट्रोल काढून घेतलं, बॅटरीची वायर सोडली, बाहेरचा आरसा काढून टॉवेलात गुंडाळला. सहा हमालांनी गाडी इंच-इंच ढकलत वर घेतली. चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके ठोकले, दोर आवळले. दोर पत्र्याला काचू नये म्हणून प्रत्येक ठिकाणी गोणपाटाची घडी. वर ताडपत्री. वेलू एकेका गाठीवर हात फिरवून बघत होता. किसनरावाने मारलेली एक गाठ त्याने सोडली आणि स्वतः पुन्हा मारली. किसनराव चिडला, "बापाची गाडी असल्यावानी करायलंय बेनं!" साहेब वेलूशी तमिळमध्ये काही बोलले, दोघं हसले. माझी खात्रीच झाली की ते मला हसले.

मग मी स्टेपनीचं काढलं.

स्टेपनी म्हणजे ट्रकचं जादा चाक, टायरसकट. आमच्या मोंढ्यात रिवाज होता. ड्रायव्हर आपल्या ऑफिसला नवखा असेल आणि माल मोलाचा असेल तर त्याची स्टेपनी ऑफिसात ठेवून घ्यायची. टायर त्या दिवसांत सहज मिळत नसत. स्टेपनीसाठी माणूस परत येणारच. माल पोचल्याची सही आणायची, स्टेपनी घेऊन जायची. मी वेलूला खुणेने सांगितलं. तो साहेबांकडे वळून भराभरा बोलला.

साहेब म्हणाले, "दत्ताराव, राहू द्या की. लांबचा पल्ला हाय त्याचा."

"नियम आहे साहेब."

"मी म्हनतो ना. माझी गाडी हाय."

"गाडी तुमची आहे, पण नाव चाचांचं आहे," मी म्हटलं. मी घाबरलो होतो, म्हणून आवाज जास्तच कडक निघाला. "तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

साहेब गप्प बसले. वेलूने खाली बसून साखळी सोडली आणि स्टेपनी माझ्या पायांशी लोटली. मी वहीच्या पानावर पावती लिहिली, 'स्टेपनी एक, चांगल्या स्थितीत, जमा.' खाली माझी सही, त्याचा अंगठा. ती त्याने बिडीच्या बंडलाच्या कागदात गुंडाळून खिशात ठेवली. गाडीची किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि ट्रक गेला. मला त्या वेळी स्वतःचा अभिमान वाटला होता, हे लपवत नाही.

हैदराबाद, कर्नूल, बंगलोर असं करत पाचव्या दिवशी ट्रक पालघाटला पोचायला हवा होता. पोचला की साहेबांच्या घरून तार यायची होती. पाचवा दिवस गेला. सहावा गेला. साहेब रोज दुपारी सायकलरिक्षाने ऑफिसात येत. बाकावर मी पावत्या पसरलेल्या असत, गादी चाचांची म्हणून मी तिच्यावर कधी बसत नसे, आणि साहेब बाकाच्या कडेला टेकत. मी बसायचो स्टेपनीवर. भिंतीला लागून आडवी टाकलेली, वर गोणपाट. बसायला छान उंचीची होती.

किसनराव येता-जाता टोमणा मारायचा, "आरं कोकण्या, टायरवर बसून अंडी उबवायलास का काय?"

सातव्या दिवशी मी तारघरात तीनदा जाऊन आलो. हैदराबादच्या ओळखीच्या दलालाला ट्रंककॉल लावला. अर्धा दिवस बसल्यावर कॉल लागला आणि पलीकडून एवढंच कळलं की असा ट्रक त्यांच्या नाक्यावर थांबला नव्हता. थांबण्याचं त्याला काही कारणही नव्हतं. पण माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. फियाटचा नवा रंग किती वेळात मारतात? नंबरपट्टी बदलायला काय लागतं? क्लीनर नव्हता तो यासाठीच. साक्षीदार नको म्हणून. गाठ स्वतः मारली ती यासाठीच. सोडायला सोपी पडावी म्हणून. रात्री जे दिसायचं ते दिवसाही दिसायला लागलं: चाचा पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी ठाण्यात उभे आहेत आणि कोणीतरी विचारतंय, तो कोकणी कोण, त्याला कोणी ठेवला, जामीन कोण?

आठव्या दिवशी साहेब माझ्या खालच्या टायरकडे बघत म्हणाले, "दत्ताराव, त्याला वाटेत लागलं तर काय करील हो तो?"

"साहेब, पळालेल्या माणसाला स्टेपनी कशाला लागते?"

"पळाला असं कोन म्हनलं?"

त्याच संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो. सहावीतून सुटलेल्या हाताने तीन वेळा खाडाखोड करत तक्रार लिहिली. 'वेलू नावाचा ड्रायव्हर मोटारगाडी घेऊन फरार झाला आहे.' दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढं ठेवली. सही तुमची लागेल, म्हटलं. आज सांगतो, तो कागद साहेबांसाठी नव्हता. तो माझ्यासाठी होता. उद्या कोणी विचारलं तर मी पहिल्या दिवसापासून ओरडत होतो, हे दाखवायला.

साहेबांनी कागद वाचला, घडी केली, खिशात ठेवला. "उद्या बगू."

दहाव्या दिवशी पुन्हा, "उद्या बगू."

"साहेब, तुम्हाला तुमच्या गाडीची काळजी नाही का?" माझा तोल सुटला.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "एखाद्या माणसावर एकदा फरारी लिहिलं की दत्ताराव, मग गाडी सापडली तरी ते पुसत न्हाई. चाळीस मजूर होते माझ्या हाताखाली. लय बगितलंय मी." मग म्हणाले, "पन तुमचं बी खरं हाय. उद्या चार वाजता ठाण्यात जाऊ. मी सही करतो."

अकराव्या दिवशी दुपारी बारा-एकच्या सुमाराला हैदराबादकडून शहाबादी फरशी घेऊन एक ट्रक मोंढ्यात आला. ड्रायव्हर उतरून सरळ ऑफिसात आला, चुरगळलेली चिठ्ठी पुढं केली. "करीमचाचा का दफ्तर येच है ना? रस्ते में एक जन दिया."

चिठ्ठी उर्दूत. मला उर्दूचं एक अक्षर येत नाही. "कोणी दिली?"

"चायवाला था कोई. नाम नै मालूम. मैं तो तीसरा आदमी है, मेरे को भी नाके पे दूसरे ने पकड़ाई."

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला काळा तेलकट अंगठा उमटलेला होता. वेलूचा असाच अंगठा मी पावतीवर घेतला होता. साहेब यायला अवकाश होता. मी दार ओढून घेतलं आणि भर उन्हात चाचांच्या घराकडे पळत सुटलो. अकरा दिवस जो माणूस विचारायला गेला नव्हता, तो पायात चप्पल न घालता गेला.

चाचा खाटेवर पडून होते. त्यांना वाचता येणार नव्हतं. त्यांच्या सुनेने, रझियाभाभींनी, पडद्याआडून हात पुढे करून चिठ्ठी घेतली आणि वाचली, "करीम साहब को सलाम. वेलू ड्राइवर बोलता है, दो टायर गए. महबूबनगर के इस तरफ खड़ा है. मोटर सलामत है. अकेला है, मोटर छोड़ के जा नहीं सकता. पहले दो आदमियों के हाथ जबानी बोल भेजा, जवाब नहीं आया. स्टेपनी परभणी में है. मेहरबानी करके भेजना."



"स्टेपनी?" चाचा उठून बसले. "स्टेपनी परभणी में कायको है रे?"

मी सांगितलं. नियम आहे ना चाचा, म्हटलं.

चाचांनी पट्टीवरूनच कपाळ चोळलं. "अरे बेटा, वो नांदेड-लातूर का कायदा है. सुबू गया, शाम को आया. टायर फटा तो हर गाँव में अपना आदमी. कोइमतूर जाने वाले की स्टेपनी कोई रखता क्या? वो तो उसका पाँव है."

मला नियम ठाऊक होता. तो कशासाठी आहे, हे मी कोणाला कधी विचारलंच नव्हतं. मी उभ्या जागी रडायला लागलो. चाचांना दिसत नव्हतं, पण कळलं असावं. "रोता कायको? टायर उठा. जा."

फरशीचा ट्रक माल उतरवून संध्याकाळच्या आत परत निघणार होता. किसनरावाने स्टेपनी वर टाकली. या वेळी तो काही बोलला नाही, उलट आपल्या डब्यातल्या दोन भाकरी माझ्या पिशवीत घातल्या. चार वाजता साहेब ठाण्यात जायच्या तयारीने आले, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी बी येतो."

"तुमची पाठ साहेब..."

"पाठ माझी हाय, गाडी बी माझीच हाय." आणि केबिनमध्ये चढले. परभणी मागं पडल्यावर त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात ठेवला. "तुमचा कागद." बस, एवढंच. मी तो फाडला. तुकडे बाहेर टाकले तर कोणी वाचेल असं वाटून मुठीत धरून बसलो, नांदेडपर्यंत.

हैदराबादला ट्रक बदलून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो. दुरूनच दिसलं. ट्रक रस्त्याच्या कडेला डावीकडे कलून उभा होता आणि ताडपत्रीखाली गाडीचा आकार. जाणकार वाचक म्हणतील, ट्रकला मागं जोडीची चाकं असतात, पुढचं फुटलं तर मागचं एक काढून पुढं लावता येतं. ते वेलूने केलंच होतं. पहिला टायर फुटला तेव्हा मागच्या जोडीतलं एक काढून पुढं लावलं आणि तसाच शंभरेक मैल हळूहळू आला. चैत्रातला रस्ता तव्यासारखा. मग पुढचं तेही फुटलं, ट्रक कडेच्या भुसभुशीत मातीत उतरला आणि कलला. तिसरं चाक काढायला जागा नव्हती.

वेलू ट्रकखाली सावलीला बसला होता. अंगात बनियन, कमरेला फक्त टॉवेल. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. आम्हाला बघून उठला, पण माझ्याकडे आला नाही. आधी साहेबांचा हात धरून त्यांना फाळक्याशी नेलं आणि ताडपत्री उचलून दाखवली. ट्रक कलल्यावर गाडीचा सगळा भार एका बाजूच्या दोरावर आला होता. वेलूने खाली दगडांची रास रचून ट्रकला टेकू दिला होता. वरच्या दोराखाली गोणपाट फाटलं होतं, तिथं त्याने आपली लुंगी चौपदरी घडी करून घातली होती. म्हणून कमरेला टॉवेल. फियाटच्या रंगावर एक ओरखडा नव्हता.

जवळच्या टपरीचा चहावाला आला, ज्याने चिठ्ठी लिहिली तो. म्हणाला, "साब, ये आदमी आठ दिन से मेरे पास खाना खाने भी नहीं आया. मैं इधर ला के दिया. बोलता, मोटर अकेली है."

मी स्टेपनी ढकलत नेली आणि वेलूपुढं उभी केली. त्याने चाकाला हात लावला नाही. सीटखाली ठेवलेल्या सदऱ्याच्या खिशातून बिडीच्या बंडलाचा कागद काढला, उलगडला आणि माझी पावती माझ्यासमोर धरली. "रसीद," म्हणाला. "लेओ. रसीद देना, फिर टायर लेना. कायदा."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. मी पावती घेतली, मगच त्याने चाकाला हात घातला.

जॅक लावताना मी त्याच्याबरोबर मातीत आडवा पडलो. चाक बसलं, ट्रक सरळ झाला, गाडी हळूच आपल्या जागी आली. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, त्याला सांगा ना, माझं चुकलं म्हणून."

साहेब म्हणाले, "ते तुमीच सांगा. मी काय सांगू? गाडी माझी व्हती, तुमच्या पुढं मी बी गप बसलो की."

मी वेलूपुढं हात जोडले. तो ओशाळला. मग साहेबांना काही विचारलं. साहेब म्हणाले, "तो इचारायलाय, तुमचं गाव कुठं?"

मी हाताने लाटा करून दाखवल्या. समुद्र. वेलूचा चेहरा पहिल्यांदा उजळला. त्याने बोटाने दोन माड काढले, मातीत, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. त्याच्याही गावात माड होते. परभणीतल्या चार वर्षांत माझ्यापुढं कोणी माड काढला नव्हता. आणि या माणसाला मी तीन वेळा खाडाखोड करून फरार लिहिलं होतं.

साहेब तिथूनच वेलूच्या केबिनमध्ये बसून गावाला गेले. मी दोनपैकी एक फुटका टायर दुरुस्तीसाठी घेऊन एकटा परत आलो. वेलू म्हणाला होता, पुढच्या खेपेला घेईन. चौथ्या दिवशी तार आली. गाडी पोचली, साहेब पोचले. चाचांची पट्टी त्याच दिवशी सुटली होती. त्यांनी ती तार दोनदा वाचायला लावली, मग स्वतः डोळ्यांजवळ धरून बघितली.

मी म्हटलं, "चाचा, मला काढून टाकायचं असेल तर..."

"काढतो ना," चाचा मराठीत म्हणाले. रागावले की ते मराठीत बोलत. "चार सालापूर्वी तू आलास, तेव्हा तुझं मी काय ठेवून घेतलं होतं? सांग."

पत्र्याची पेटीसुद्धा त्यांनी माझ्याजवळच राहू दिली होती. "काही नाही, चाचा."

"तर बस मग. गादीवर बस. बाकावर लोकांना जागा होत नाही."

दीड महिन्याने वेलू मोटारी घेऊन आला. क्लीनर बरोबर होता, बरा झालेला. दुरुस्त झालेला टायर घेऊन गेला, माझ्यासाठी एक नारळ ठेवून गेला. पुढं चार-पाच वर्षं येत राहिला. मग ट्रक दुसऱ्या कोणाच्या हाती आला आणि वेलूचं काय झालं ते त्या नव्या ड्रायव्हरला सांगता आलं नाही. मी तेव्हा पत्ता घ्यायला हवा होता. घेतला नाही.

नवख्या ड्रायव्हरकडून काहीतरी ठेवून घेण्याचा रिवाज मोंढ्यात नंतरही बरीच वर्षं चालला. मलाही सवय मोडवेना. फक्त एक ठरवलं होतं, वाटेत लागणार नाही अशी वस्तू ठेवायची. मग प्रत्येक ट्रकमध्ये मी ती शोधायचो. जॅक, पाना, कंदील, पाण्याची पखाल, घोंगडी, देवाचा फोटो. एका ट्रकमध्येसुद्धा अशी वस्तू मला कधी सापडली नाही. हळूहळू मी ड्रायव्हरला नुसतं बसवून घेऊ लागलो. बशी पुढं सरकवायची आणि विचारायचं, गाव कुठं?

ती पावती माझ्याकडे आहे. परवा हे लिहायला बसताना पेटीतून काढली. माझंच अक्षर, 'स्टेपनी एक, चांगल्या स्थितीत, जमा.' खाली वेलूचा अंगठा. तसा नियम असा की वस्तू परत देताना पावतीवर 'परत दिली' लिहून दोघांनी सही-अंगठा करायचा. त्या दिवशी चाक बसवण्याच्या गडबडीत ते राहून गेलं. म्हणजे कागदावर बघितलं तर वेलूची स्टेपनी अजून माझ्याकडेच आहे.